पहिली रेघ कुणाची

आण्याच्या पठारावर कुणी दादाभाऊंचं घर विचारलं, तर लोक डावीकडे वळा, उजवीकडे वळा असलं काही सांगत बसत नाहीत. खूण सांगतात. दोन उभ्या रेघा, त्यांवर कमान आणि आत एक टिंब. ती ज्या दाराच्या चौकटीवर कोरलेली दिसेल ते दादाभाऊंचं घर. चौकट नजरेतून सुटली तरी हरकत नाही, कारण तीच खूण पाण्याच्या टाकीवर ऑइलपेंटनं आहे, मोटारीच्या पेटीवर आहे, दुधाच्या किटल्यांवर आहे आणि पिकअपच्या मागच्या फळीवर रेडियममध्ये चमकते आहे. दादाभाऊंच्या पत्नी निर्मलाबाई म्हणत, आता तेवढं माझ्याच पाठीवर काढायचं राहिलंय. दादाभाऊ यावर नुसते हसत, नको असं मात्र म्हणत नसत.

खूण मूळची मेंढरांची. रानात दोन-चार कळप एका जागी आले की कुठलं मेंढरू कुणाचं हे मेंढरू काही तोंडानं सांगत नाही. म्हणून धनगर आपापल्या मेंढरांच्या पाठीवर रंगानं खूण काढतो. दादाभाऊंच्या कळपात एके काळी दोनशेच्या वर मेंढरं होती. आता मुलगा कांदा करतो आणि हौसेपुरती दहा-बारा मेंढरं गोठ्यामागं आहेत, पण खूण आपली वाढतच गेली.

खुणेइतकाच दादाभाऊंचा शब्दही नावाजलेला. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात मेंढरू घेणारा माणूस आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो. दादाभाऊंच्या मेंढराचे दात कुणी बघत नसे. दादाभाऊ म्हणाले दोन वर्षांचं, की दोन वर्षांचं. पठारावर बांधावरून, पाण्यावरून भांडण झालं की त्यांना बोलावणं यायचं. मग दादाभाऊ फेटा नीट करून, घसा साफ करून सुरुवात करायचे, "खोटं बोलून कुणाचा कळप वाढत न्हाई, राव." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की भांडण मिटल्यावर ते निघतानाही एकदा म्हणत.

तर अशा या दादाभाऊंचा नातू ऋषी. चाकणला कंपनीत आहे आणि रविवारी गावाकडे येतो. एका रविवारी त्यानं चहाचा कप खाली ठेवला, बाही वर सारली आणि जाहीर केलं, "आबा, आपली खूण मी हातावर गोंदून घेणार."

दादाभाऊंना ठसका लागला.

"आधी पूर्ण अभ्यास केलाय," ऋषी म्हणाला. "असं उगं कायबी गोंदून घ्यायचं नसतं. अर्थ समजला पायजे, इतिहास समजला पायजे. ही कमान बघा. जुन्नरच्या लेण्यांना अशीच कमान हाय. म्हंजे दोन हजार वर्षं झाली. नाणेघाटातनं व्यापारी जायचे, त्यांना आपलेच पूर्वज मेंढरं इकत असणार."

"आन् टिंब?" दादाभाऊंनी कसंबसं विचारलं.

"टिंब म्हंजे बिरोबा. किंवा शून्य. दोन्ही चालतंय."

दादाभाऊंनी नातवाकडे बघितलं. पोरानं दोन हजार वर्षं शोधून काढली होती. त्यातली खरी बेचाळीसच होती, आणि ती एकट्या दादाभाऊंना माहीत होती.

बेचाळीस वर्षांपूर्वी दादाभाऊ भावांपासून वेगळे झाले. वाट्याला अकरा मेंढ्या आल्या, स्वतःची खूण अजून ठरायची होती. कोकणात चराई करून परतताना माळशेज घाट चढून ते वर आले, तेव्हा धुकं इतकं होतं की स्वतःची काठी दिसेना. शेजारीच नळवण्याच्या सावळारामचा कळप थांबला होता. सावळाराम बरोबरचाच, जीव लावणारा मित्र. सकाळी दोन्ही कळप आपापल्या वाटेनं निघाले. दोन कोस आल्यावर दादाभाऊंनी मेंढ्या मोजल्या तर बारा भरल्या. बारावी गाभण होती आणि तिच्या पाठीवर सावळारामच्या दोन उभ्या रेघा होत्या.

माघारी फिरावं, असं त्यांना वाटलं. अगदी खरं वाटलं. पण बारा हा आकडा अकरापेक्षा फारच देखणा दिसत होता. निर्मलाबाई बाळंतपणाला माहेरी होत्या, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं. दादाभाऊंनी रॉकेलचा बोळा घेऊन त्या रेघा घासल्या. रेघा गेल्या नाहीत, मेंढी तेवढी रागावली. मग त्यांनी रंग कालवला, दोन रेघांवर एक कमान जोडली आणि आत टिंब दिलं. खूण झकास झाली. पण एकटीच्याच पाठीवर नवी खूण डोळ्यांत आली असती, म्हणून बाकीच्या अकरांवरही तीच काढली. त्या मेंढीला जुळं झालं, पुढं त्यांचा विस्तार झाला आणि दादाभाऊंचं बरं चाललं. घर बांधलं तेव्हा सुतारानं विचारलं, चौकटीवर काय कोरू? बाकीचे सगळे एका तोंडानं म्हणाले, खूण. दादाभाऊ नको म्हणाले असते तर का नको हे सांगावं लागलं असतं.

आता मात्र गोष्ट नातवाच्या कातडीवर आली होती. टाकी रंगवता येते, चौकट बदलता येते. पोराच्या हातावर गेलेली रेघ तो मरेपर्यंत राहणार, आणि तो ती अभिमानानं चारचौघांत दाखवणार. खरं सांगावं, तर आजवरचा शब्द मातीत जातो आणि नातवाच्या नजरेतून आपण उतरतो. न सांगावं, तर आपली चोरी पोराच्या हातावर कायमची वस्तीला जाते. दादाभाऊंनी तिसरी वाट शोधायला एक आठवडा घेतला.

ऋषी परत आला तेव्हा त्यांनी सुचवलं, बिरोबाच काढ ना. ऋषी म्हणाला, काढलाय की, टिंबात. त्यांनी सांगितलं, गोंदलेल्या पोराला मुलगी कोण देणार? ऋषी म्हणाला, हल्ली मुलीच आधी विचारतात. शेवटी त्यांनी सुई लई दुखते म्हणून पाहिलं. त्यावर निर्मलाबाईंनी आपला कोपरापर्यंत गोंदलेला हात पुढं केला आणि म्हणाल्या, "म्या नऊ वर्षांची असताना बसले व्हते. ह्यो तर घोडा झालाय."

पुढच्या रविवारी ऋषी म्हणाला, "आबा, तुमाला बरूबर यावं लागंल. आळेफाट्याची ती हर्षालीताई अर्थ ऐकल्याबिगर सुई लावत न्हाई."

हर्षाली आधी मेंदी काढायची, आता गोंदते. ओझरचा विघ्नहर गणपती पोटरीवर काढून मागणाऱ्या एका पैलवानाला तिनं हाकलून दिलं होतं. उद्या देवळात मांडी घालून बसशील तेव्हा देव कुठं ठेवशील, असं तिनं त्याला विचारलं होतं. तेव्हापासून अर्थ आणि जागा, दोन्हींची चौकशी केल्याशिवाय ती काम घेत नाही. गिऱ्हाइकं चिडतात आणि पुन्हा तिच्याकडेच येतात.

"आजोबा, सांगा," ती म्हणाली. "काय हाय ही खूण?"

आणि दादाभाऊंनी सांगितलं. देवळाचं दार, वर शिखर, आत देव. वाडवडलांपासून चालत आलेली. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, इतकं सरळ आलं ते तोंडातून. सवय मोठी वाईट असते. हर्षालीनं मान डोलावली, ऋषीच्या हातावरचे केस काढले, कागदावरची खूण दाबून कातडीवर उठवली. जांभळ्या रंगाची ती कमान पोराच्या हातावर खरोखर शोभत होती. दादाभाऊंनी खिडकीबाहेर बघितलं आणि सुटलो असं मनाशी म्हटलं.

तिनं सुई लावलेलं यंत्र हातात घेतलं आणि थांबली.

"आजोबा, अजून एक. तुमी मेंढरावर काढताना पयली रेघ कुठली काढायचा? मीबी तिथनंच सुरू करते. जुन्या खुणेचा क्रम मोडायला मला बरं वाटत न्हाई."

प्रश्न साधा होता. दादाभाऊंनी उत्तरासाठी बोट हवेत उचललं, आणि बोट आपसूक कमानीकडे गेलं. कारण त्या मेंढीच्या पाठीवर त्यांनी पहिली काढलेली रेघ तीच होती. खालच्या दोन त्यांना आयत्या मिळाल्या होत्या. बोट तसंच वर राहिलं. हर्षाली बघत होती, ऋषी बघत होता.

"पोरी, थांब," दादाभाऊ म्हणाले. "खालच्या दोन रेघा माझ्या न्हाईत."

मग सगळं सांगितलं. धुकं, बारावी मेंढी, रॉकेलचा बोळा, काहीही न गाळता. सांगताना त्यांची मान खाली होती आणि अतिशय लाज वाटत होती. ऋषी हात तसाच पुढं धरून ऐकत होता.

"सावळारामआजोबा शोधत आले न्हाईत का?"

"आला व्हता. चौथ्या दिवशी. मला म्हणाला, एक मेंढी तुझ्यात आली का रं? मी म्हणलो, न्हाई. कळप समोरच चरत व्हता. तो चार पावलं पुढं गेला असता तरी त्यानं वळखली असती. पण गेला न्हाई. म्हणला, तू म्हणतोस तर नसंल."

हर्षालीनं कापसावर औषध घेतलं आणि ऋषीच्या हातावरची खूण पुसून टाकली. "बरं झालं, सुईच्या आधी बोललात," ती म्हणाली.

"म्हंजे चोरीची पावती हातावर घिऊन फिरणार व्हतो मी," ऋषी म्हणाला. तो चिडला होता की हसत होता ते दादाभाऊंना कळेना. विचारायचा धीरही झाला नाही. "चला, उठा आबा. नळवण्याला जायचंय."

"आजच?"

"बेचाळीस वर्षं थांबलाय की. अजून मुहूर्त काढायचाय का?"

पिकअप नळवण्याच्या रस्त्याला लागली.

सावळाराम ओट्यावर कांद्याची पात निवडत बसले होते. दादाभाऊ समोर उभे राहिले आणि फेट्याला हातसुद्धा न लावता, घसा साफ न करता, सरळ बोलून गेले. सावळारामांनी ऐकलं, डोळे बारीक केले आणि मोठ्यानं हसले. "ती व्हय? काळ्या तोंडाची? आरं, मेंढीचं काय घिऊन बसलास. मेली असंल ती पस्तीस वर्षांपूर्वी. जाऊ दे राव. बस. आगं, चहा टाक."

दादाभाऊंच्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढंच होतं तर, असं त्यांना वाटलं, आणि ते बसायला वळले. दारात सावळारामांची बायको, इंद्रायणीबाई, सूप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दादाभाऊ बसायचे राहिले. त्या दिवशी घाटात सावळारामच्या कळपाच्या मागं चालणारी, मेंढरं मोजणारी बाई हीच. मेंढी हरवली तेव्हा सगळी बोलणी हिनंच खाल्ली होती. त्यानंतर तिनं मोजलेली पोती सावळाराम पुन्हा मोजायचे. तिच्या सासरी कुठलीही वस्तू जागेवर नसली की लोक म्हणायचे, इंद्रायणीला विचारा, तिनंच हरवली असंल. आणि लग्नाकार्यात भेट झाली की मोठ्यानं कोण विचारायचं, वहिनी, घरनं किती पोरं घिऊन निघाला व्हता, समदी पोचली का? दादाभाऊच विचारायचे. सगळा मांडव हसायचा, आणि तीही हसायची.

"वहिनी," दादाभाऊ म्हणाले.

"जाऊ दे असं ह्यांनी म्हणू नये," इंद्रायणीबाई शांतपणे म्हणाल्या. "मेंढी ह्यांची व्हती, पर बोलणी मला बसली. भावजी, पुन्यांदा सांगा. जरा मोठ्यानं. ह्यांना हल्ली ऐकू कमी येतं."

दादाभाऊंनी शेजारच्या ओट्याकडे बघितलं. तिथं दोन बाया निवडणं टिपणं सोडून कान देऊन बसल्या होत्या. शब्दाचा पक्का म्हणून पठारावर जेवढं नाव होतं, तेवढं सगळं त्या दोघींच्या समोर पणाला लागलं होतं. ऋषी पिकअपला टेकून उभा होता.

"मेंढी वहिनीनं हरवली न्हाई," दादाभाऊ ओरडून म्हणाले. "म्या चोरली."

शेजारच्या बायांपैकी एक उठून उभी राहिली. इंद्रायणीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

"ऐकलं?"

"ऐकलं," सावळाराम म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"काय ऐकलं?"

सावळारामांनी हातातली पात खाली ठेवली. "तू हरवली नव्हतीस," ते म्हणाले.

इंद्रायणीबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि दोघा पुरुषांच्या मध्ये, ओट्यावरच बसल्या. पदरानं तोंड पुसलं.

"घाटाच्या दर वळणावर मी मोजत आले व्हते," त्या म्हणाल्या. "वर आले तवा एकूणएक भरली व्हती. लई सांगितलं तवा. मग मलाच वाटाय लागलं, आपल्याला मोजता येत न्हाई."