अपडेट अर्धवट सोडू नये

परदेशी जाण्याआधी तुम्ही दोघांनी माझ्या संगणकावर लिनक्स घालून दिलंत आणि वहीत पहिला नियम लिहायला लावलात: अपडेट चालू असताना मध्येच बंद करू नये. मी नियम पाळते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्या शनिवारी सकाळी अपडेट लावलं होतं. पोळ्या करणारी बाई नुकतीच निघाली होती. दाराबाहेर धप्प आवाज झाला. खराडीत कुणाच्या ना कुणाच्या घरी फरशा-भिंतींची तोडफोड चालूच असते, म्हणून मी संगणकाच्या पडद्याकडेच बघत राहिले. चौसष्ट टक्के. पुन्हा आवाज. मग तिचा, दाबलेला. मनात आलं, एवढं संपू दे. ऐंशी टक्क्यांना ती किंचाळली, तेव्हा उठले. पाय वायरीत अडकला आणि संगणक बंद पडला.

दार उघडलं. तिच्या नवऱ्याच्या एका हातात तिचे केस होते, दुसऱ्यात हेल्मेट. डोकं झाकणाऱ्या तिच्या हातावर तो ते नारळ फोडावा तसं आपटत होता. चपलांच्या रॅकवर रक्त होतं.

"सोड तिला," मी म्हटलं.

"आत जा, म्हातारे. आमच्या घरचं हाय."

मी फिरायला जायची काठी उचलून त्याच्या मनगटावर मारली. माणसाला मारण्याची माझी पहिलीच वेळ. हाड लागल्याचं हाताला कळलं. खोटं कशाला सांगू, मी पुन्हा मारलं. हेल्मेट पडलं. जाता जाता त्यानं दारावरचा कॅमेरा उपटला आणि बुटाखाली चिरडला.

तिच्या कानामागे टाके पडले, मनगट मोडलं. त्याला चौकीत आणलं, तर म्हणे जिन्यावरून पडली. हवालदार मला म्हणाले, "आजी, चित्रण असेल तर घेऊन या. नाहीतर हा संध्याकाळी घरी जाईल." घरी म्हणजे तिच्याकडेच.

चित्रण संगणकात उतरलेलं होतं. पण ते कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमशिवाय उघडत नाही, आणि अर्धवट अपडेटनं तो प्रोग्रॅमच मोडला होता. तुमच्याकडे मध्यरात्र; फोन उचलला नाहीत. मी वही काढली. प्लास्टर गळ्यात अडकवून ती शेजारी बसली.

राहिलेलं अपडेट पूर्ण करायची आज्ञा संगणकाला दिली. नकार आला. शाळेत इंग्रजीचा उतारा वाचायचो तसा तो ओळीओळीनं वाचला. कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमला एक पॅकेज, म्हणजे त्याला लागणारा सुटा भाग, नवं हवं होतं, त्या पॅकेजला आणखी एक नवं हवं होतं, आणि ते आणखी एक मिळणार नव्हतं, कारण कुणीतरी ते जुन्या आवृत्तीवर रोखून ठेवलं होतं.

वहीची पानं मागे उलटली. गेल्या वर्षी एका अपडेटनं माझं मराठी टंकलेखन बिघडवलं, तेव्हा दुरुस्त करून मीच ते रोखलं होतं. खाली लाल शाईत, माझ्याच अक्षरात: हात लावू नये.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. माझंच कुलूप आहे."

ते काढलं. सगळी पॅकेजं एकामागून एक बसली. टंकलेखन पुन्हा बिघडलं. हे हातानं लिहितेय ते त्यामुळेच. पण प्रोग्रॅम उघडला.

आवाजासकट सगळं होतं. पहिला फटका, दुसरा, तिचं दाराकडे सरकणं, दारावर पडलेली तिची थाप. ती थाप मला ऐकूच आली नव्हती. कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. पहिल्या फटक्यापासून मी उठून संगणक बंद पडेपर्यंत एक मिनिट अकरा सेकंद.

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही अंघोळीला गेलाय."

"नाही. इथंच बसले होते."

तिनं चांगल्या हातानं प्लास्टर सावरलं. प्रोग्रॅममध्ये चित्रण कापायची सोय आहे. मी न कापता पेनड्राइव्हवर घेतलं आणि दोघी रिक्षानं चौकीत गेलो. हवालदारांनी शेवटपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी तो घरी गेला नाही.

ती आता वाघोलीला भावाकडे असते. पोळ्यांना दुसरी बाई ठेव म्हणून तुम्ही सांगता. मी अजून ठेवलेली नाही. वहीत तुमच्या पहिल्या नियमाखाली एक ओळ घातली आहे: दारात आवाज झाला तर आहे तसं सोडून उठावं.