दशरथबुवांच्या लिव्हरसाठी भजन

काजूपाड्यातल्या दशरथ परबांचं पोट ही खाजगी बाब कधीच नव्हती. बोरिवलीच्या त्या चढावर दोनच गोष्टी लांबून ओळखू येत: पाण्याची टाकी आणि पेटीमागे बसलेले दशरथबुवा. आठवडाभर ते साकीनाक्याच्या कुरियर गोदामात पार्सलांवर ओरडत आणि सुट्टीच्या दिवशी डबलबारीत समोरच्या बुवावर. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा आमनेसामने बसून देवाचं नाव घेत एकमेकांची अब्रू काढतात तो कोकणी प्रकार. देवाचं नाव असल्यामुळे कुणी कुणावर केस करत नाही.

वजन एकशे वीसच्या वर. बुवांच्या मते ती चरबी नव्हती, बैठक होती. हडकुळ्या माणसाचा आवाज गळ्यातून येतो, आपला पोटातून, असं ते नव्या पोरांना समजावून सांगत. त्यांची बायको प्रेमा स्वयंपाकघरातून म्हणे, आवाज येऊ दे की, पण तेवढ्यासाठी एवढं मोठं गोदाम कशाला?

गेल्या माघी गणपतीत त्याच गोदामाने दगा दिला. मुलुंडच्या मैदानात गजर रंगात आलेला, समोर चंदूबुवा, आणि वरच्या सुरात जाता जाता बुवांच्या उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की त्यांनी पेटीवरच डोकं टेकलं. लोकांना वाटलं, भाव लागला. अर्ध्या मंडपाने टाळ्या दिल्या. चंदूबुवाने मात्र बसल्या जागी ओळ जुळवली, की समोरच्या बुवांना देव नाही दिसला, कालचे कोंबडी-वडे दिसले. तो व्हिडिओ बोरिवलीपासून मालवणपर्यंत गेला. बुवांच्या सासुरवाडीत तो आवडीने पुन्हा पुन्हा पाहिला गेला.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. बुवांनी त्यांच्यावर ओवा, हिंग आणि गावाहून आलेला कसलासा पाला असे सगळे सभ्य उपाय करून पाहिले. खडे कोकणातले नव्हते बहुतेक. त्यांना काही कळेना. दिवाळीनंतर पुन्हा कळ आली आणि त्याच सुमारास मुलुंडकरांचा फोनही आला. माघी गणपती, तेच मैदान, समोर तोच चंदूबुवा. बुवांनी कण्हत कण्हत होकार दिला. आता माघीपर्यंत नीट श्वास भरता आला पाहिजे, नाहीतर उरलेला जन्म त्या व्हिडिओतच काढायचा, हे त्यांना पक्कं कळत होतं.

भजनी मंडळात वैद्यकीय सल्लागारांची कमतरता नव्हती. पखवाजवाल्या सर्वेशने सांगितलं की दुर्बिणीचं ऑपरेशन बारीक माणसांसाठी असतं, एवढ्या पोटात दुर्बीण रस्ता चुकेल. तुमचं सरळ उभं कापतील. सर्वेशचा अनुभव दांडगा होता. त्याचा मेव्हणा एका हॉस्पिटलाच्या लिफ्टवर होता.

सर्जन निघाली डॉ. गंधाली नाबर, स्वतः काडीएवढी. तिने सर्वेशच्या उलट सांगितलं. जाड माणसाला तर छोटी भोकंच बरी, मोठी जखम चरबीत लवकर भरत नाही, पू धरते. दुर्बीण काही हरवत नाही, जरा लांब हत्यारं घ्यावी लागतात. अडचण वेगळीच होती.

"तुमच्या लिव्हरला चरबी चढलीय," ती म्हणाली. "पित्ताशय त्याच्या खाली दडलंय. मला ते लिव्हर वर उचलून धरायचंय. भिजलेली गादी उचलावी तसं. नाही उचललं गेलं, किंवा फाटलं, तर पोट उघडावं लागेल."

"मग माझं गाणं?"

"पोटातून गाता ना? मग पावसाळ्यापर्यंत विसरा."

उपाय साधा होता. ऑपरेशनच्या आधी पंधरवडाभर तेल, साखर, भात, नारळ सगळं बंद. उकडलेल्या भाज्या, पातळ डाळ, ताक, अंड्याचा पांढरा भाग. लिव्हर आकसतं, हलकं होतं. प्रेमाने त्याच संध्याकाळी घरातले नारळ शेजारी नेऊन दिले. मालवणी घरात नारळ बंद म्हणजे संचारबंदीच.

आपल्या बुवांवर आलेलं हे संकट मंडळाला बघवेना. ठरलं, की माघीची तालीम रोज एकेकाच्या घरी करायची आणि सोबत बुवांच्या ऑपरेशनसाठी देवाला गाऱ्हाणं घालायचं. पहिल्याच दिवशी सर्वेशच्या बापाने, भाऊंनी, खणखणीत आवाजात घातलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या बुवांचा लिव्हर हलका कर रे म्हाराजा." सगळ्यांनी मिळून "होय म्हाराजा" म्हटलं. आणि मग त्याच देवासमोर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि नारळाच्या रसातली खीर आली.

आता मंडळाचा रिवाज असा, की बुवांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. भुकेली माणसं भरल्या ताटांसमोर बसून बुवांच्या तोंडाकडे बघत राहिली. बुवांना दया आली. ते मूळचेच दयाळू. त्यांनी घास घेतला, आणि बुवांचा घास म्हणजे काय हे काजूपाड्याला ठाऊक होतं. वडा घेतला तर सांबाऱ्याला वाईट वाटतं, सांबारं घेतलं तर खीर करणाऱ्या बाईला. शिवाय हे जेवण नव्हतंच, प्रसाद होता. अशा रीतीने साऱ्या मंडळाने घरोघर फिरून, मनोभावे, बुवांचं लिव्हर हलकं व्हावं म्हणून त्यांना खाऊ घातलं. घरी आल्यावर बुवा प्रेमासमोर बसून उकडलेला दुधी खात आणि डोळ्यांत पाणी आणत.

ऑपरेशनच्या आधी गंधालीने त्यांना काट्यावर उभं केलं. वजन वाढलं होतं.

"वात असेल," बुवा म्हणाले.

गंधालीने तारीख पुढे ढकलली आणि सांगितलं, की आणखी एक पंधरवडा देते. तेव्हाही काटा असाच दिसला, तर भोकांचा भरवसा मी देणार नाही. पुढच्या तारखेनंतर माघी गणपती जेमतेम महिन्यावर येत होता. घरी येऊन त्यांनी प्रेमाला सगळं सांगून टाकलं, वड्यांसकट.

प्रेमा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "उद्या तालमीला मी येते."

दुसऱ्या दिवशी सर्वेशकडे गजर झाले, गाऱ्हाणं झालं, ताटं आली. बुवा ताकाची बाटली घेऊन भिंतीला टेकून बसले. सगळ्यांच्या माना सवयीने त्यांच्याकडे वळल्या. तेवढ्यात प्रेमा पंगतीच्या डोक्याला, बुवांच्या पाटावर, येऊन बसली.

"आजपासून जेवणापुरती बुवा मी. वाढा."

भाऊंनी घसा साफ केला. "सूनबाई, पण रिवाज..."

"रिवाज कुठे मोडतोय? पहिला घास हवाय ना? हा घेतला."

तिने घेतला, सावकाश चावला, आणि सांबाऱ्यात मीठ कमी आहे असंही सांगितलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत या पंगतीत ती फक्त वाढत आली होती. सगळ्यांनी ताटाला हात घातला. भूक लागली होती. पंधरवडाभर घरोघरी असंच चाललं. प्रेमाने एकही पदार्थ नाराज केला नाही. बुवा भिंतीपाशी बसून तिच्या घासांकडे असे बघत, की देवाकडेसुद्धा त्यांनी तसं कधी बघितलं नसेल. गोदामात ते आता पार्सलांशी हळू बोलू लागले. ओरडायचं बळच उरलं नव्हतं.

काटा उतरला. पोटात गॅस भरून ते फुगवणार, असं कळल्यावर बुवांनी नर्सला सांगितलं की त्या बाबतीत घरूनच तयारी करून आलोय. शुद्धीवर आले तेव्हा गंधाली समोर होती. लिव्हर उचललं गेलं, पोट उघडावं लागलं नाही, मात्र लिव्हर धरून ठेवायला नेहमीच्या चारऐवजी पाच भोकं पाडली. पाचवं भोक वड्यांचं, असं ती हसून म्हणाली. त्या गॅसने दोन-चार दिवस खांदा ठणकला. सर्वेशने लगेच निदान केलं, की डॉक्टरीणबाईंनी चुकून खांद्याचं ऑपरेशन केलंय.

माघीला बुवा मुलुंडच्या मंचावर चढले. पेटी उचलायची नाही या अटीवर गंधालीने परवानगी दिली होती, आणि आयुष्यात कधी न उचलल्यामुळे ती अट पाळणं जड गेलं नाही. पाच भोकांची बातमी चंदूबुवापर्यंत पोहोचली होती, त्याने वेळ घालवला नाही. बासरीला भोकं सहा, आमच्या दशरथबुवांना पाचच, एक राहिलं म्हणून यांचा सूर लागत नाही, असं त्याने तालात गायलं. मंडप लोळला. मोबाइल वर झाले.

बुवांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि श्वास भरला. टाके होते तिथे कातडी ओढली गेली. ते कळेची वाट बघत थांबले. ती आली नाही. मग सूर वर गेला, आणखी वर गेला आणि तिथे राहिला. किती वेळ ते पखवाजवाल्या सर्वेशलाही कळलं नाही. तो वाजवायचा थांबला होता. खाली येताना बुवांनी एवढंच जोडलं, की बासरी देव ओठाला लावतो, समोरच्या बिनभोकाच्या भोपळ्याला कोण लावणार?

बारी संपल्यावर मंडपामागे चंदूबुवा एकटाच आला. आजूबाजूला कुणी नाही हे त्याने बघून घेतलं. त्याचंही पोट काही कमी नव्हतं.

"दशरथा, खरा सांग," तो उजव्या बरगडीखाली बोट ठेवत हळूच म्हणाला. "लय दुखता काय रे? माका पण हयसरच कळ मारता."

दशरथबुवांनी त्याला बाकावर बसवलं आणि सगळं सविस्तर सांगितलं: लिव्हर, ताक, दुधी, गॅस, खांदा. भूल द्यायच्या आधी आपण त्या काडीएवढ्या बाईचा हात धरून रडलो होतो, एवढं फक्त गाळलं.