आई जहाजावर दिसेनाशी झाली तेव्हा

अलास्काच्या क्रूझची कल्पना आईची. बाबा गेल्यावर ती नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनडात वॉटर्लूला आली होती. तिच्या नागपूरच्या भिशीतल्या दोघीजणी अशा जहाजावर जाऊन आल्या होत्या आणि त्यांचे फोटो तिने मला इतक्यांदा दाखवले, की शेवटी मी बुकिंग करून टाकलं. नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून आम्ही दोघीच निघालो. मला पोहता येत नाही, खोल पाण्याची भीती लहानपणापासूनची, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, आपल्याला कुठे पाण्यात उतरायचंय?

व्हँकूव्हरला जहाजावर चढलो, त्या पहिल्याच दिवशी सगळ्या प्रवाशांना गोळा करून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. मी एकेक शब्द कान देऊन ऐकत होते. आई छताची झुंबरं बघत होती. केबिनला छोटी बाल्कनी होती. मी कठड्यावरून एकदा खाली पाहिलं. ते काळं पाणी इतकं खाली होतं आणि इतक्या वेगाने मागे जात होतं, की माणूस पडलं तर कुणाला कळणारही नाही, असं मनात आलं. त्यानंतर मी बाल्कनीत गेले नाही.

दुसऱ्या दिवशी बेटांचा आडोसा संपला आणि उघडा समुद्र लागला. नाश्त्यानंतर जहाज डोलायला लागलं. कपाटाची दारं आपोआप उघडत, मिटत होती. बाहेरचे डेक बंद केले आहेत, चालताना कठडा धरा, अशी अनाउन्समेंट झाली. मला उलट्या सुरू झाल्या. बराच वेळ मी वॉशरूमच्या जमिनीवर बसून होते. बाहेर आले तर केबिनमध्ये आई नव्हती.

बाल्कनीचं दार बोटभर उघडं होतं. फटीतून वारा शिट्टीसारखा वाजत होता आणि पडदा आत उडत होता. भिंत धरत मी दारापर्यंतची ती चार पावलं टाकली. बाल्कनीत दोन ओल्या खुर्च्या होत्या, बाकी कुणी नव्हतं. मी खाली पाहिलं नाही. मला पाहवलंच नाही.

तिचा फोन पलंगावरच होता. मी तशीच अनवाणी पॅसेजमध्ये धावले. कठड्यात जागोजागी उलटीसाठी कागदी पिशव्या खोचून ठेवल्या होत्या. जिन्यापाशी एक कर्मचारी भेटली. आई सापडत नाही म्हटल्यावर तिने शांतपणे विचारलं, आईने कपडे कोणते घातलेत? मला आठवेना. सकाळभर एकाच खोलीत होतो आणि मला तिच्या साडीचा रंग सांगता येईना. ती कर्मचारी वॉकीटॉकीवर बोलायला लागली. भावाला फोन करून काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळायला लागली होती.

ती माझ्याबरोबर शोधायला आली. आई सापडली वरच्या मजल्यावर, चहाच्या हॉलमध्ये. बहुतेक टेबलं रिकामी होती. खिडकीशी ती आणि तिच्याच वयाची एक चिनी बाई शेजारी शेजारी बसल्या होत्या, एकमेकींचा हात घट्ट धरून. काचेवर लाट आदळली की दोघी डोळे मिटायच्या.

"सांगून का नाही आलीस?" माझा आवाज चढला होता.

"तुझी तब्येत बरी नव्हती, म्हटलं कशाला त्रास द्यायचा. तुला जरा हवा लागावी म्हणून दार उघडून आले."

"काही झालं असतं तर?"

ती म्हणाली, "भीती मलाही वाटतेय गं. पण तुझ्याकडे देवळात जायचं तरी गाडी तूच काढायची, ग्रोसरीला जायचं तरी तूच न्यायचं. इथे मला कुणी न्यावं लागत नाही. लिफ्टचं बटण दाबलं की मी माझी."

मी कर्मचारी बाईला सगळं ठीक असल्याची खूण केली आणि खुर्चीचे हात धरून त्या दोघींच्या शेजारी बसले. जहाज पुन्हा एका बाजूला कललं, कपबशा सरकल्या. त्या चिनी बाईने आपला दुसरा हात माझ्यापुढे केला. मी तो धरला.

दुपारी समुद्र जरा शांत झाला आणि आम्ही केबिनमध्ये परतलो. आईने चपला घातल्या, डेक उघडलाय का बघून येते म्हणाली. मी तिला फोन बरोबर घ्यायला सांगितलं आणि ती परत येईपर्यंत दाराकडे बघत पलंगावर बसून राहिले.