विमानाला घोंगडी पांघरणारे आतोबा

या पृथ्वीतलावर अशी एकही वस्तू नाही, जी आमच्या आतोबांनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिलेली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. साऱ्या हयातीत त्यांनी एकाच गोष्टीचा अभ्यास केला. विमानाच्या इंजिनाच्या आवाजाने विमानाचाच पत्रा कसा थरथरतो, आणि ती थरथर कमी कशी करायची. परदेशात डॉक्टरेट झाली, मग इथे प्राध्यापकी झाली, निवृत्ती झाली, पण बोट काही थांबलं नाही. नारळ आणि कलिंगड आपण सगळेच वाजवून घेतो. आतोबा वांगी वाजवून घेतात. जुन्नरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानासमोरून त्यांना न्यायचं म्हणजे लहान पोराला मिठाईच्या दुकानासमोरून न्यायचं. दुकानदार बिचारा पातेल्यामागून पातेली काढून देतो आणि हे प्रत्येकाला टिचकी मारून, डोळे मिटून, 'वा!' म्हणून परत ठेवतात. एसटीत बसले की खिडकीच्या कोणत्या स्क्रूला किती पिळा हवा हे कंडक्टरला सांगतात. माझ्या चुलतबहिणीसाठी मुलगा बघायला गेलो, तेव्हा पोहे यायच्या आत उठून त्यांनी पाहुण्यांच्या नव्या बंगल्याचा खांब वाजवला, भिंत वाजवली, टीव्हीमागचं कपाट वाजवलं, आणि परत बसून आत्याच्या कानात, म्हणजे सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "प्लास्टर भुसभुशीत आहे, पण माणसं चांगली वाटतात." लग्न जमलं. मुलाच्या वडिलांनी लग्नाआधी भिंतीचं प्लास्टर नव्याने करून घेतलं आणि मांडवात आतोबांना हाताला धरून नेऊन ती भिंत वाजवायला लावली.

आमचं गाव खोडदच्या अलीकडे. तिथल्या अवाढव्य दुर्बिणींच्या थाळ्या आमच्या शिवारातून दिसतात, त्यामुळे गावात कुणीही शास्त्रज्ञ म्हटला की तो दुर्बिणीवाला, असा सरळ हिशेब आहे. आतोबा मोटरसायकलवरून निघाले की बांधावरून हाक येते, "काय सर, आज काय म्हणतंय आभाळ?" आतोबा गाडी थांबवतात, स्टँडवर लावतात, हेल्मेट काढतात आणि गंभीरपणे सांगतात, "मला आभाळाचं काही कळत नाही. मी पत्र्याचा माणूस." या खुलाशाचा परिणाम एवढाच झाला की लोक गळक्या गोठ्यांचे पत्रे घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. ज्या माणसाने उडत्या विमानांच्या अंगाची नाडी बघितली, तो कोंबड्यांच्या खुराड्यावर उकिडवा बसून टिचक्या मारतो आणि म्हणतो, "इथं रिव्हेट सैल आहे." त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. पत्रा तो पत्रा.

माझं आणि त्यांचं पटायचं काही कारण नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेली पोर. आमच्या घरात सभेची, मोर्चाची, निषेधाची पत्रकं गठ्ठ्याने पडलेली असत. अक्षरओळख मी त्यांच्या मथळ्यांवरून केली, त्यामुळे बरीच वर्षं मला वाटे की मराठीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्हच असतं. ज्या देशात शाळेच्या छपराची शाश्वती नाही, त्या देशात हुशार माणसाने विमानाच्या पत्र्याची काळजी वाहावी, हा मला साधा सरळ द्रोह वाटे, आणि मी तो त्यांच्या तोंडावर बोलून दाखवत असे. "आतोबा, विमानात बसतं कोण? तुमच्या संशोधनाचा आपल्या गावाला उपयोग काय?" त्यावर ते आत्याचा तांब्याचा हंडा जवळ ओढत, त्यावर टिचकी मारत आणि म्हणत, "पुढारीणबाई, हे आधी ऐक. उपयोग नंतर बघू." माझं भाषण त्या हंड्याच्या नादात विरून जाई. आत्या आतून ओरडे, "अहो, पानी भरायचंय मला, ठिवा तो हंडा खाली!"

त्यांच्या डॉक्टरेटची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की झोपेत सांगेन. परदेशी निघताना त्यांच्या आईने त्यांना काळी घोंगडी दिली होती. प्रयोगशाळेत एका चौकटीत विमानाच्या कुशीसारखा पातळ पत्रा ताणून बसवलेला. समोरून मोठ्या भोंग्यांचा आवाज सोडायचा आणि पत्रा कसा थरथरतो ते मोजायचं. एका सकाळी आतोबा पावसात घोंगडी पांघरून आले, ती चिंब भिजली. वाळत कुठे घालावी? त्यांनी पत्र्याच्या मागच्या बाजूला चौकटीवर टाकली, आणि विसरले. समोरून प्रयोग सुरू केला, तर पत्रा एकदम गप्प. आतोबांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आपण कागदावर मांडलेलं गणित तंतोतंत खरं ठरलं, जगातलं सर्वांत शांत विमान आपल्या हाती लागलं, असं समजून ते धावत आपल्या गाइडकडे गेले. म्हातारे गृहस्थ आले, आकडे पाहिले, पत्र्यामागे गेले आणि घोंगडी हातात धरून परत आले. "तुमचं गणित ओलं आहे," एवढंच म्हणाले. आतोबा सांगतात, "मला वाटलं, झालं, आता आपल्या गावी कळंबला जाऊन ऊस लावायचा." पण म्हाताऱ्याने ती घोंगडी स्वतःच्या हाताने परत मागे टाकली. मग काढली. परत टाकली. दिवस मावळेपर्यंत ते दोघं जण घोंगडी टाकत आणि काढत बसले. ती चूकच आतोबांचा विषय झाली. पत्र्यामागे काय लावलं की त्याची थरथर जिरते, यावर त्यांनी प्रबंध लिहिला, पुढे प्राध्यापकी केली, कितीतरी विद्यार्थी त्याच वाटेला लावले. "आईनं थंडीसाठी दिली व्हती," हे सांगताना त्यांची भाषा हटकून घरी परत येते, "तिनं माझी पीएच.डी. केली." आणि त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मिळणारा धडा एकच असे. आवाज बसका आला, की निष्कर्ष काढू नका. आधी मागे जाऊन बघा.

निवृत्त होऊन आमच्या गावी राहायला आल्यावर विद्यार्थी संपले, म्हणून त्यांनी सगळ्या गावालाच विद्यार्थी करून घेतलं. दूधवाला म्हणाला, "सर, म्हशीनं दूध कमी केलंय," तर आतोबा विचारणार, "कशावरून? कालच्या वैरणीत काही बदल?" सरपंच मत मागायला आले तर म्हणणार, "मुद्दा छान आहे. पुरावा?" शिवाय त्यांची एक नवीच तक्रार सुरू झाली होती, की हल्ली माणसं पुटपुटतात. "या पिढीला तोंड उघडून बोलायला काय होतं?" असं ते विचारत, आणि समोर तमाशाच्या फडाला पुरून उरेल असा आमच्या सरपंचांचा आवाज असे. आम्ही हसत होतो.

अशात शाळेचं प्रकरण उद्भवलं. आमची शाळा जुनी, दगडी, तीन खोल्यांची, सागवानी तुळयांची. वरच्या कचेरीतून एक इंजिनिअर साहेब आले, त्यांनी काठीने तुळया ठोकल्या, तिन्ही खोल्यांत भद्द आवाज आला, आणि इमारत धोकादायक ठरली. शाळा पाडायची आणि पोरांनी हायवेजवळच्या शाळेत जायचं, असं बोलणं सुरू झालं. मधला सगळा रस्ता उसातून जातो, आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या असतो हे सांगायला पत्रक लागत नाही. वस्तीवरच्या बाया स्पष्ट म्हणाल्या, "आमी पोरी धाडनार न्हाई." म्हणजे शाळा पडली की कितीतरी मुलींचं शिक्षण तिथेच पडणार होतं. माझ्या अंगाची लाही झाली. मी पत्रक लिहून काढलं. 'शाळा पाडणाऱ्यांनो, खबरदार! इमारत भक्कम आहे!! थोर शास्त्रज्ञाचा निर्वाळा!!!' खाली सहीसाठी जागा सोडली आणि आतोबांपुढे धरलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "निर्वाळा कुठला? मी अजून ऐकलंय कुठं तिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपली चिमुकली हातोडी घेऊन शाळेत आले. सगळं गाव गोळा झालं होतं. शिडी लावली. पहिल्या खोलीची तुळई वाजवली. भद्द. दुसरी वाजवली. भद्द. तिसरी, तीही भद्द. दर वेळी ते कानापेक्षा तळहातच तुळईला जास्त वेळ लावून ठेवत होते. सरपंचांनी विचारलं, "सर, काय म्हनती शाळा?" आतोबा शिडीवरून उतरले, बाकावर बसले आणि छताकडे बघत राहिले.

"तुळयांवर फळ्या ठोकलेल्या दिसतात. माळ्यावर काय आहे?"

यात्रा कमिटीचे तात्या चपलेचा अंगठा न्याहाळू लागले.

"तात्या?"

"थोडं सामान हाये कमिटीचं," तात्या म्हणाले. "लई न्हाई."

ते थोडं सामान पोरं चढून खाली फेकू लागली, तेव्हा शाळेचं अंगण पुरेना. यात्रेच्या सतरंज्या, कनाती, मांडवाची कापडं, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर बांधायचे पडदे, भजनी मंडळाच्या गाद्या, सगळं तिन्ही खोल्यांच्या माळ्यांवर ठासून भरलेलं. कुणाची तरी हरवलेली ताडपत्री निघाली, तिच्यावरून दोन भावक्यांत अबोला होता. "आरं, ही तर आमचीच!" "मंग आमी काय म्हनत व्हतो राव!" असा कल्ला उसळला. आणि त्या धुरळ्यात आतोबा बाकावर उभे राहून लहान मुलासारखे ओरडत होते, "घोंगडी! ही माझी घोंगडीच आहे!" बाकीच्यांना वाटलं, यांचीही एक हरवली होती. तात्या घाईघाईने ढिगात शोधू लागले.

माळे रिकामे झाले. आतोबा शिडी चढले. पहिली तुळई अशी टण्णकन वाजली, की बाहेरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीही तशीच. तिसरी वाजली भद्द.

मी शिडीला चिकटून हळूच म्हटलं, "आतोबा, दोन चांगल्या निघाल्या. तिसरीलाही चांगलं म्हणा. नाहीतर ते सगळीच पाडतील. लढ्याचा प्रश्न आहे."

"काय? मोठ्यानं बोल."

मला ते सगळ्या गावासमोर ओरडून सांगावं लागलं. ओरडताना ते वाक्य मला स्वतःलाच कसंतरी लागलं.

"पुढारीणबाई," ते म्हणाले, "पोरं या तुळईखाली बसणार आहेत. तुझ्या पत्रकाखाली नाही."

मग त्यांनी मला वर बोलावलं आणि हात लावायला सांगितला. ते हातोडी मारत होते आणि माझ्या तळव्याला काहीच कळत नव्हतं, जणू मातीच्या ढिगाला हात लावला आहे. दुसऱ्या खोलीत नेऊन चांगल्या तुळईवर माझा हात ठेवला, आणि हातोडी पडताच मनगटापर्यंत झिणझिणी आली. तिसऱ्या तुळईला टोकाशी कोरलं, तर आतून वाळवीचा भुगा गळला.

इंजिनिअर साहेब परत आले, तेव्हा मी वादासाठी कमरेला पदर खोचून तयार होते. आतोबांनी वाद घातलाच नाही. त्यांनी साहेबांच्या हातात हातोडी दिली आणि म्हणाले, "तुम्हीच वाजवा." साहेबांनी वाजवलं, कान टवकारले, परत वाजवलं, आणि हसत सुटले. आतोबांनी त्यांना सतरंज्यांची गोष्ट सांगितली, आणि लगेच स्वतःच्या ओल्या घोंगडीची. दोघं चहा पीत कितीतरी वेळ तुळया वाजवत बसले. दोन खोल्या ठेवायच्या, तिसरीला लोखंडी तुळई घालायची, असं ठरलं आणि तसं झालं. कमिटीचं सामान आता सरपंचांच्या ओसरीवर आहे आणि सरपंचीणबाई तात्यांशी बोलत नाहीत. मी पत्रक नव्याने लिहिलं. दोन खोल्या मजबूत, एक धोकादायक, ती दुरुस्त होईपर्यंत तिच्यात कुणी बसू नये. उद्गारचिन्ह एकही नाही. वडिलांनी ते वाचलं आणि विचारलं, "बरं नाही का तुला?"

अलीकडे आतोबांना फारच कमी ऐकू येतं. लोक पुटपुटत नव्हते, त्यांचेच कान जात होते, हे आम्हाला कळलं त्याच्या कितीतरी आधी त्यांना कळलेलं होतं. तरी हंडा वाजवणं चालू आहे. टिचकी मारून ते आता आत्याच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि ती पाणी भरायची घाई बाजूला ठेवून, डोळे मिटून 'वा!' म्हणते. तेवढ्यावर त्यांचं भागतं.

परवा आतोबा आणि मी शाळेवरून जात होतो. आत पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. आतोबा थांबले, तिसऱ्या खोलीपाशी गेले आणि दाराच्या फळीवर तळहात ठेवून उभे राहिले. चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, मग एकदम कपाळाला आठी पडली.

"कितीचा चाललाय?"

"सतराचा," मी ओरडले.

"मला वाटलंच," आतोबा म्हणाले. "सात आलं की सगळी अडखळतायत. आमीबी तिथंच अडखळायचो."

आत बाईंनी पाढा पहिल्यापासून घ्यायला लावला. आतोबांनी हात काढला नाही. पोरं सातापाशी येऊन निभावून पुढे जाईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.