मिशांची सहा पेरं

मॅडम कुणाच्याही घरी गेल्या तरी आधी परसात जायच्या. चहापाणी नंतर. कुंपणावर चवळीचा नाहीतर वालाचा वेल दिसला की शेंडा अलगद वाकवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि पान उलटं करून त्याला नाक लावायचं. नरडाण्याला माझ्या बहिणीच्या हळदीत सगळ्या बायका मांडवात, आणि आमच्या मॅडम नवी साडी खोचून शेजारच्या चवळीत उकिडव्या बसलेल्या. माझी आई घाबरून विचारत होती, "काय दवडाई गयं वं बाईनं?"

मॅडमचं काहीच हरवलं नव्हतं. त्या मावा शोधत होत्या. धुळ्याला त्या आम्हाला कीटकशास्त्र शिकवायच्या आणि चवळी, वाल, हरभऱ्याचा रस शोषणारा मावा हेच त्यांचं आयुष्य होतं. पोरं त्यांना मावामॅडम म्हणायची. शेतकरी फवारा मारून मोकळा होतो. मॅडमना मात्र त्या किड्याचं नाव-गाव हवं असे. "ओळख नसताना वैरसुद्धा धरू नये," असं त्या म्हणायच्या. आम्हाला सगळा मावा काळाच दिसे. मग त्या किडा पोटॅशात उकळून, पारदर्शक करून काचपट्टीवर बसवायच्या आणि म्हणायच्या, "रंगावर जाऊ नका, रंग उन्हाचा असतो. मिशांची पेरं मोजा. पेरं खोटं बोलत नाहीत."

त्या पेरांनीच त्यांना नाव मिळवून दिलं होतं. एरंडोलजवळच्या खेड्यात त्यांचं माहेर. तिथे आईच्या परसातल्या चवळीवर त्यांना तरुणपणी एक बारका, मळकट मावा सापडला. नेहमीच्या काळ्या माव्याच्या मिशीला सहा पेरं, याच्या मिशीला पाचच. पुढची काही वर्षं तोच, तसाच मिळत राहिला. मॅडमनी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला आईचं, गिरजाअक्कांचं नाव दिलं. अक्कांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण सगळ्या आळीत त्यांनी सांगितलं, "मन्ही पोरनी मन्हं नाव किडाले दिधं!" कुणी हसलं की त्या फणकारायच्या, "हासतस काय? तुम्हनं नाव ते कुत्राले बी कोणी दिधं नही."

मी मॅडमच्या हाताखाली संशोधनाला लागलो, त्याच उन्हाळ्यात त्यांनी अक्कांच्या परसातला तो मावा जिवंत आणला आणि बिस्किटांच्या डब्यांत लावलेल्या चवळीवर सोडला. आपल्याकडे माव्यात नर जवळजवळ नसतोच. आई लेकींना जन्म देते, त्या लेकी पुढे त्यांच्या लेकींना. थंडी पडली तशा डब्यातल्या लेकी अंगानं भरू लागल्या आणि काळ्या कुळकुळीत दिसू लागल्या. मॅडमनी त्यातली एक काचपट्टीवर घेतली, बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिली आणि खुर्चीवरून उठल्या. "तू मोज," म्हणाल्या. मी मोजली. सहा. "दुसरी मिशी?" तीही सहा.

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "मी माहेरी कधी जायचे रे? मेच्या सुट्टीत. दरवर्षी मेच्या सुट्टीतच." खानदेशातल्या मेच्या उन्हात तो किडा खुरटायचा आणि मिशीचं एक पेर कमी भरायचं. जात वेगळी नव्हतीच. सगळ्या चवळीवर असतो तोच काळा मावा होता तो.

हे बाहेर कुणाला कळलंही नसतं. विभागातले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "अक्का आहेत तोवर राहू द्या की. कुणाचं काय बिघडतं?" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मॅडमचा जेवणाचा डबा त्या आठवड्यात रोज न उघडता घरी गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या एखादं पोर या नावाचा किडा शोधण्यात वर्षं घालवेल. पण छापायच्या आधी आईला सांगायला हवं." रविवारी आम्ही एसटीनं अक्कांच्या गावी गेलो.

अक्का ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मॅडमनी सगळं सांगितलं. अक्कांचे हात चालूच होते.

"म्हंजे तो येगळा नव्हता?"

"नही माय. बठ्ठीकडे ऱ्हास तोच. उन्हामुये धाकला ऱ्हायना."

"मंग काढी टाक. खोटाले मन्हं नाव कसाले?" आता मात्र हात थांबले. "लोकेस्ले मीच सांगसू."

मॅडम रडल्या. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधीच रडताना पाहिलं नाही.

मग डोळे पुसून त्यांनी आईला समजावलं की आमच्या शास्त्रात चुकलेलं नाव पुसत नाहीत. ते खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात कायमचं लिहून ठेवतात, म्हणजे पुन्हा कुणी तीच चूक करू नये. अक्कांनी हे नीट ऐकून घेतलं. आळीत त्यांनी काय सांगितलं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

अक्का आधी गेल्या. मॅडम गेल्या उन्हाळ्यात गेल्या. निवृत्तीनंतर त्या माहेरीच राहत होत्या, त्यांचं दहावंही तिथेच झालं. मला कुठे बसावं सुचेना. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मला ओळखलं. पाण्याचा तांब्या पुढे करत तिनं विचारलं, "का रे भाऊ, अक्का सांगे, मन्हं नाव खाले शे, पन शे. आते बी शे का?"

"शे माय," मी म्हटलं. खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात, ते अजून आहे. तांब्या तसाच ओट्यावर ठेवला आणि उठत म्हणालो, "थांब, पयले परसमा चवयी देखी येस."