ओसाड माळावरची भाजी

जून लागला की शीळफाट्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी पाड्यावरची एक बाई शेवळं, पहिल्या पावसाची रानभाजी, विकायला बसते. नाव मी कधी विचारलं नाही. जुडी उचलली की ती आधी हातावर दोन काकडं ठेवते. ही आंबट फळं भाजीत पडली नाहीत, तर शेवळं घशाला खाजतात. कितीही घाईतलं गिऱ्हाईक असो, काकडांशिवाय ती कुणाला जाऊ देत नाही. डोंगराकडे बोट करून सांगते, ही वाघदेवाच्या वरल्या अंगाची, ती जुन्या झऱ्याकडची.

यंदा तिच्या मागे नगरपालिकेची काळी दगडी पाटी उभी होती. वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, गावाचा इतिहास आणि भूगोल.

"बाय, वाच ना. काय लिवलंय आमचं?"

पहिलंच वाक्य होतं, 'पूर्वी येथे ओसाड माळरान होते.' पुढे रस्ते, टॉवर आणि उद्घाटनाला आलेल्यांची नावं. वाघदेव नाही, झरा नाही, तिचा पाडाही नाही. माझं डोकंच फिरलं. लिहिणाऱ्याने एकदा तरी डोंगर चढून बघायचा होता.

ती जुडी बांधत राहिली. मग म्हणाली, "ओसाड? मग इतकी वर्षं तू माझ्याकडनं काय खाल्लंस?"

तिने आणखी एक जुडी माझ्या पिशवीत टाकली. मी काकडांसाठी हात पुढे केला, तर तिने टोपली मागे ओढली.

"ही तुला नाय. ज्यानं पाटी लिवली त्याला दे. म्हणावं, अशीच शिजव."