बकरीनं खाल्लेला वाघ

माझ्या बहिणीचा वाघ बकरीनं खाल्ला, आणि त्या बकरीला अंगणात यायला वाट मी करून दिली होती.

हे आज पहिल्यांदा कबूल करते आहे. बाईला जाऊन आज वर्ष झालं.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. धानोऱ्यात तिनं तीस वर्षं ब्लाउज शिवले. अर्ध्या गावाची मापं तोंडपाठ. कोणाचं वजन वाढलं हे घरच्यांच्या आधी बाईला कळायचं.

मग गुडघे गेले, पायमशीन सुटली. आणि साठीला आलेली ही बाई एक दिवस फोनवर म्हणते,

"मंदे, मी आता चित्रं बनवतो."

रंग नाही, ब्रश नाही. ब्लाउजची उरलेली कातरणं कागदावर चिकटवायची आणि वरून टाके घालायचे. पण साधा कागद टाक्यानं फाटायचा. आमचं गडचांदूरला हार्डवेअरचं दुकान. फुटलेल्या सिमेंटच्या कागदी थैल्या झटकून, घड्या घालून मी तिला नेऊन द्यायची. बसमधले लोक माझ्यापासून सरकून बसायचे.

घरात नुसते एक्सपेरिमेंट. तेंदूची पानं चिकटवली, वाळून त्यांचा चुरा झाला. पळसाच्या फुलांचा रंग काढला, तो कागदापेक्षा ओट्याला जास्त लागला.

एकदा गेले तर भाताच्या गंजात काहीतरी रटरटत होतं.

"बाई, हे का करून राह्यली तू?"

"कागद शिजवून राह्यली. जेवाले थांबशीन का?"

अशी होती ती. मला इतकी आवडायची, पण तोंडावर कधी म्हटलं नाही.

मग तिला मोहफुलांच्या पाण्याचा शोध लागला. त्यात कागद बुडवला की छान तांबूस रंग यायचा. त्या कागदाचा तिनं वाघ केला. काळ्या ब्लाउजपीसचे पट्टे, डोळ्यांना दोन टिचबटणं, चिकटवायला तांदळाची घट्ट खळ.

काय वाघ होता! गडचिरोलीच्या प्रदर्शनासाठी तो निवडला गेला.

फॉर्म मी भरला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, शिवणकाम.

"खोड ते," बाई म्हणाली. "चित्रकार लिव."

मी हसले. ती हसली नाही. तेव्हा समजलं, हिच्यासाठी हा टाइमपास नाही.

प्रदर्शनाला दोन दिवस होते. वाघ अंगणात दोरीवर वाळत होता. माझा फोन वाजला. बाईकडे रेंज धड नाही, बोलायला फाटकाशी जावं लागतं. मी बोलत बोलत फाटक उघडून रस्त्यावर गेले. आमचं बोलणं म्हणजे अर्धा तास. परत आले तीही फोनच्याच नादात, आणि सरळ घरात गेले.

फाटक उघडंच.

शेजारच्या कमलबाईची बकरी आत आली. आता मोहफूल आणि तांदूळ म्हणजे बकरीसाठी लग्नाची पंगत. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती शेपटीपर्यंत पोचली होती. कागद सगळा फस्त. दोरीला लाळेत भिजलेले काळे पट्टे लोंबत होते. डोळे तेवढे तिनं थुंकून टाकले होते.

बाई पायरीवर बसली.

कमलबाई धावत आली, हात जोडायला लागली. आणि मी काय केलं? मीच तिला झापलं!

"बकरी बांधून ठेवता येत नाही का तुम्हाले?"

ती बिचारी खाली मान घालून उभी. फाटक मीच उघडं टाकलं हे सांगायला माझी जीभ काही वळली नाही. आजही आठवलं की लाज वाटते.

बाईनं खाली पडलेली दोन्ही टिचबटणं उचलून पदराला पुसली.

"बकरीनं वाघ खाल्ला वं, मंदे."

आणि ती अशी हसत सुटली की कमलबाईही हसायला लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "कमल, तुही बकरी जरा उभी धर. मले तिचं माप पायजे."

दोन दिवसांत बाईनं नवं चित्र केलं. सिमेंटच्या थैलीची भली मोठी बकरी, आणि तिच्या पोटात तेच काळे पट्टे, धुऊन, इस्त्री करून शिवलेले. या वेळी चित्र घरात पंख्याखाली वाळवलं.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्या बकरीपुढे. एका मॅडमनी विचारलं, "यामागचा विचार काय आहे?"

"इचार बकरीचा आहे, मॅडम. म्या फक्त शिवलं."

आज या पोस्टसाठी मी माझ्या घरच्या भिंतीवरच्या त्या चित्राचा फोटो काढला. झूम केला.

कोपऱ्यात एक फाटक आहे, उघडं. बाहेर एक बारकी बाई उभी. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की ती कमलबाई, बकरी शोधायला आलेली. प्रदर्शनातही सांगितलं. बाई शेजारीच उभी होती, नुसती गालात हसली.

आज नीट पाहिलं. चित्रातल्या त्या बारक्या बाईचं लुगडं हिरवं, त्यावर पिवळे ठिपके. माझ्या ब्लाउजचं कापड. बाईनंच शिवला होता तो, कातरणं तिच्याकडेच राहिली होती.

आणि कानाला एक टिचबटण.

फोन!

तशीच उठून कमलबाईला फोन लावला. माफी मागितली, रडले, सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"मले तं बाईनं त्याच दिवशी सांगतलं होतं. साऱ्या गल्लीले मालूम आहे. तुले सांगू नोको म्हने, मंदीले वाईट वाटंन."

इतकी वर्षं मी लपवत होते, आणि माझी बहीण मलाच भिंतीवर टांगून हसत होती.

बाई, चित्रकार बाई, हसत आणि रडत तुला श्रद्धांजली.

फाटक लावलं आहे.